अर्ध्या गल्लीचं बोलावणं

बाई,

परवा तुझी तेरवी. तिचं बोलावणं आज मी करून आले. अख्ख्या गल्लीचं, एकटीनं, तोंडानं बोलून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंदे, खोटं नोको बोलू वं." खोटं नाही. घरी येऊन पाय धुतले, चहा केला, तो समोर निवून गेला, आणि ही वही काढून बसले. जे आज कळलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही.

माझं लिहिणं चौथीपर्यंतचं. तुला तेवढंही येत नव्हतं. लाइटचं बिल, विनोदच्या शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या मीच तुला वाचून दाखवायची. वाचायचं मी आणि बोलायचं तू, अशी आपली वाटणी होती. ती तू एकटीनं मोडून गेलीस.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. विनोद "मावशी, आई..." एवढंच म्हणाला. नव्या रायपूरची बस मिळेपर्यंत तासभर गेला. तिकडचे रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर पोचू नये. मी पोचले तेव्हा तुला नेलं होतं. सातव्या मजल्यावर तुझी खाट, खाटेखाली तुझ्या चपला. मी त्या चपलांकडे बघत उभी राहिले. तुझा चेहरा पाहायला मिळाला नाही, म्हणून मला अजून तुझ्या टाचाच दिसतात. तशाही मला त्याच जास्त पाठ आहेत. इतकी वर्षं मी तुझ्या मागेच चालले.

काल तुझी नात आजीचं घर बघायला गल्लीत आली होती. तिनं विचारलं, "मंदा आजी, इसको बोईरपारा क्यों बोलते हैं? पेड़ कहाँ है?" मी साहूंच्या गच्चीकडे बोट दाखवलं. बोईर म्हणजे बोर, ते झाड तिथं होतं. ती पोट्टी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिली. तू असतीस तर तिला हाताला धरून सुरुवातीपासून सांगितलं असतंस, की ही सगळी साहूंची बाडी होती, लाल भाजीची. मधोमध बोरीचं झाड. रस्त्याच्या बाजूनं तुकडा तुकडा विकत साहू मागे सरकले, आणि गोंदिया, भंडारा, तुमसरकडून रेल्वेत लागलेली आपली माणसं पुढे येत गेली. तुम्ही गोंदियाचे, आम्ही तुमसरचे. कवेलूच्या छपरांची घरं, गल्लीच्या तोंडाशी एक नळ, शेवटी तळं. गल्ली रस्त्याकडून तळ्याकडे वाढली, म्हणून घरांची ओळ हीच माणसांच्या येण्याची ओळ. पुढं इथं रायपूरला राजधानी झाली आणि घरांना मजले फुटले. कोणी विकून गेलं, कोणी किरायानं देऊन गेलं. तळ्याभोवती जाळी आली, फिरायची वाट आली. पण कोण कोणानंतर आलं, कुणाची सून कुठली, कुणाच्या घरी कधी माणूस गेलं, हे कुठं लिहिलेलं नाही. ते तुझ्या पायांत होतं.

कारण बोलावणं तू करायचीस. संक्रांतीचं हळदीकुंकू असो, बारसं असो की तेरवी, गल्लीत कुणाकडेही काही असलं की लोक तुझ्याकडे येऊन म्हणत, "इंदूबाई, गल्ली सांगून द्या न." दुपारी चारला, नळ यायच्या आधी, तू निघायचीस. पण तुझं घर पहिल्या वळणावर असूनही आधी आत, मधोमध माझ्या दाराशी यायचीस आणि कडी वाजवायचीस.

"चाल वं मंदे. काहून बसून राहिली?"

"बाई, मले बोलता नाई येत."

"तुले बोलाले कोन सांगते? करंडा धर आन माह्या मांगं चाल."

मग आपण गल्लीच्या तोंडाशी जाऊन पहिल्या घरापासून सुरू करायचो. मी करंडा घेऊन दोन पावलं मागे. प्रत्येक दाराशी तुझं बोलणं वेगळं. देशमुखकाकूंना मान लागायचा. तिथं तू पदर सावरून म्हणायचीस, "काकू, तुमच्याबिगर सुरुवात होत नाई, तुम्ही आधी या." मिश्राइन दीदीला सांगायचीस, "दीदी, भैया को खाना देके आना, फिर बीच में उठना मत." बन्सोडबाई बौद्ध, त्यांच्याकडे कुंकू नाही. तिथं करंडा मागे ठेवायची मला खूण करायचीस.

"बन्सोडबाई, कुंकवाले नाई बोलावत. तिळगुळाले या."

"तुया तिळगूळ लय कडक राह्यते. मागच्या साली दात हालला माहा."

"मंग दात घरी ठिवून या!"

आणि साहूंच्या आईकडे, जिला सगळी गल्ली दाई म्हणते, तू तिच्या बोलीत, "दाई, आबे ना. तोर बिना बोईर कोन दिही?" ये ना, तुझ्याशिवाय बोरं कोण देईल? कारण वाणातली बोरं तिच्या झाडाची असायची. दाई ओटीभर बोरं आधीच काढून ठेवायची आणि तरी म्हणायची, "नइ दँव, जा." देत नाही जा.

मला ही सगळी वाक्यं पाठ झाली. घरी भांडी घासताना मी ती मनात म्हणायची. मोठ्यानं कधी नाही.

मग हे गेले. दिवाळीनंतर. त्या दिवसांत तू माझ्याकडे रोज होतीस. माझ्या मुलीला जेवू घातलंस, माझे केस विंचरलेस. माझ्यातर्फे सगळ्यांशी तूच बोललीस. आणि मग संक्रांत आली.

तुला सांगते, त्या दिवशी दुपारी मी न्हाऊन बसले होते. बोलावणं येणार नाही हे मला ठाऊक होतं. विधवेला कुंकवाचं बोलावणं नसतं, हे काय मला नवीन? मीही तर वर्षानुवर्षं तुझ्या मागे करंडा घेऊन अशी दारं ओलांडली होती. तरी चारच्या सुमाराला मी दाराआड येऊन उभी राहिले. तुझ्या चपलांचा आवाज ओळखू यायचा. त्या साली एकाच जोडाचा होता. मागं करंडा धरायला तू दुसरं कुणी घेतलं नव्हतंस. आवाज जवळ आला. माझ्या दाराशी थांबला. मी श्वास धरून होते. मग काहीच ऐकू आलं नाही, पुढेही नाही, मागेही नाही. मला वाटलं, मला ऐकू जाऊ नये म्हणून चपला हातात घेऊन दार ओलांडलंस.

हे माझ्या मनात बसलं, बाई. दार ओलांडलंस म्हणून नाही. चपला हातात घेतल्यास म्हणून.

दुसऱ्या दिवशी तू मागच्या दारानं आलीस, वाटीत तिळगूळ झाकून. मी वाटी घासून परत दिली.

पुढे गल्लीत एक थट्टा सुरू झाली. नळावर बायका तुला "अर्धी गल्ली" म्हणायला लागल्या. "इंदूबाई, आज भाजी पूरी आणली का अर्धीच?" तू हसून सोडून द्यायचीस. "झाली चूक, विसरली मी. आता काय फाशी देता?" संक्रांतीला अर्ध्या घरांना बोलवायचं तू विसरलीस, असं काहीसं माझ्या कानावर आलं होतं. कोणती घरं, का, हे मी विचारलं नाही. मी कुणाला काही विचारतच नाही. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. म्हटलं, मला टाळून गेली, मिळाली शिक्षा.

त्यानंतर तू बोलावणं सोडलंस. गुडघे दुखतात म्हणालीस. करंडा देशमुखांच्या सुनेला दिलास. आणि त्याच गुडघ्यांनी रोज सकाळी माझ्यासोबत तळ्यावर दोन चकरा मारायचीस. एवढं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी कधी मनाशीसुद्धा विचारलं नाही, की बाईचे गुडघे संक्रांतीपुरतेच काहून दुखतात?

मग भाऊजी गेले. आणि संक्रांत आली. तुझी पहिली. तू दुपारी माझ्याकडे आलीस. पांढऱ्या कपाळाची तू मला ओळखूच येईना. खाटेवर बसलीस. बाहेरून देशमुखांच्या सुनेचा, पोरींचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "मंदे, आजची दुपार कशी जाईन वं?"

आणि मी, जिला तोंड नाही, त्या दिवशी मला तोंड फुटलं. मी म्हटलं, "जशी माही गेली होती, तशीच जाईन."

तू चहा संपवलास. कप उचलून मोरीत ठेवलास. पदरानं तोंड पुसलंस आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी आलीस, हातात चुनचुनियाची भाजी, "कवळी आहे, घे." ते वाक्य ना तू काढलंस ना मी. पण ते आपल्यामध्ये राहायला आलं, आणि आपण दोघी त्याला वळसा घालून हिंडत राहिलो, इतकी वर्षं.

विनोदनं तुला नव्या रायपूरला नेलं त्या दिवशीसुद्धा मला वाटलं, आता म्हणावं, बाई, त्या दिवशीचं मनावर नको घेऊ. गाडीत तुझी पेटी चढत होती. तू मला म्हणालीस, "नळ आला, पानी भर आधी." मी पाणी भरायला गेले. आले तेव्हा गाडी वळणावर होती.

तिकडे मी तुला एकदाच भेटायला आले. दीड वर्षात एकदाच. बस कमी, आणि लिफ्टमध्ये एकटीनं बटण दाबायची मला भीती वाटते, हे कारण झालं का? तू खिडकीशी बसली होतीस. म्हणालीस, "इथं कोनाचं दार वाजवू वं मंदे? घंटी दाबली का आतून विचारते, कौन-सा पार्सल?" आपण खूप हसलो. मग तू बोटांवर मोजत गल्ली म्हणायला लागलीस. देशमुख, तुझं घर, मिश्राइन, बन्सोडबाई, एकेक घर. माझ्या घरापाशी आलीस आणि थांबलीस.

"मंदे, त्या साली मी..."

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. "मम्मीजी, शक्कर कम डाली है." तू कप घेतलास. मी घाईनं विचारलं, विनोदची ड्यूटी कशी चालू आहे? मला वाटलं, तू माझं ते वाक्य काढणार. ते निघू नये म्हणून मीच बोलणं वळवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलणं वळवलं, आणि ते नेमकं तिथं.

आता आजचं सांगते.

विनोदनं तेरवी इथं जुन्या घरी ठेवली, हे चांगलं केलं. सकाळी सून म्हणाली, "आंटी, ग्रुप में डाल दिया है सबको." मी विचारलं, साहू दाईच्या हातात कुठं मोबाइल आहे? बन्सोडबाईला दिसतं कुठं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी जातो."

विनोद म्हणाला, "मौसी, आप? आप बोलोगे?"

"हव," म्हटलं.

चारला निघाले. नळ यायच्या आधी. करंडा नाही, हात रिकामे. ते कुठं ठेवावे कळेना, म्हणून पदराचं टोक धरलं. दुःखाचं बोलावणं उंबऱ्याबाहेरून करायचं, पाणी घ्यायचं नाही, बसायचं नाही, हे तुझंच. देशमुखांकडे काकू गेल्यात, आता सूनच सासू झाली आहे. दार वाजवलं. ती म्हणाली, "काय झालं मावशी?" मी तुझ्यासारखा पदर सावरला आणि म्हटलं, "परवा इंदूबाईची तेरवी हाय. तुमच्याबिगर सुरुवात होत नाई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाक्य तिच्या सासूसाठीचं, तिनं ओळखलं.

मिश्राइन दीदीनं माझा हात धरून ठेवला. बन्सोडबाई ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, मी मंदा." त्या म्हणाल्या, "मंदा कायले बोलते? मंदा तं बोलतच नाई." मी म्हटलं, "इंदूबाई नाई राह्यली आता, म्हून बोलून राह्यली. परवा जेवाले या." त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "दात घरी ठिवून येऊ का?" आणि आम्ही दोघी रडलो.

असं करत माझ्या दारापर्यंत आले. कुलूप होतं, माझंच. ते ओलांडून पुढचं घर घेतलं, साहूंचं.

दाई आता वाकली आहे. दारातच पाटावर बसलेली असते. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "अपन घर ला छोड़ देस?" स्वतःचं घर सोडून आलीस?

मी म्हटलं, दाई, मलाच मी काय बोलावू?

दाईनं मान हलवली. मग म्हणाली, "ओ तो छोड़ नइ सकिस." तिला नाही सोडता आलं.

मला समजलं नाही. मग दाईनं सांगितलं, थांबत थांबत. ती त्या साली नवं लुगडं नेसून, ओटीत बोरं घेऊन ह्याच जागी तुझी वाट बघत उभी होती. तिनं तुला माझ्या दाराशी येताना पाहिलं. तू कडीला हात लावलास. सोडलास. परत लावलास. "फेर अँचरा म आँखी पोंछिस, अउ लहुट गे." पदरानं डोळे पुसले आणि परत फिरलीस. चपला हातात घेतल्या होत्या का, मी विचारलं. हो, म्हणाली. हातात घेऊन मागे गेलीस. पुढे नाही.

पुढे नाहीच गेलीस तू. माझ्या दारापासून तळ्यापर्यंत एकाही घराला त्या साली बोलावणं गेलं नाही. रीत मोडून मला बोलवायचं तुला धाडस झालं नाही, आणि मला ओलांडून जायचंही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तू दाईला म्हणालीस, "कोनो ला झन बताबे. तोला मोर किरिया." कुणाला सांगू नको, माझी शपथ आहे तुला. आणि नळावर जाऊन म्हणालीस, विसरली मी. एकही घर कधी न विसरलेली तू. वर्षानुवर्षं "अर्धी गल्ली" म्हणवून घेतलंस.

मी दाईला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "किरिया रिहिस. अब ओ चल दिस, अब काके किरिया?" आता तीच गेली, आता कसली शपथ.

बाई, तू मला का नाही सांगितलंस? मी जेव्हा म्हटलं, जशी माझी गेली तशीच जाईल, तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, मंदे, मी परत फिरली होती. एवढ्या बोलक्या बाईला एवढं बोलता आलं नाही? की तुला वाटलं, बोलले तर उपकार सांगितल्यासारखं होईल? हे भांडण आता कुणाशी करू? ते वाक्य मी परत घेते. कुठं परत घ्यायचं ते मला माहीत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

दाईच्या दारातून मी मागे वळले आणि माझ्याच दाराशी येऊन उभी राहिले. कुलपाला हात लावला. प्रत्येक दाराचं तुझं वाक्य मला पाठ, पण माझ्या दाराचं बोलावणं मी कधी ऐकलं नव्हतं. आधी मी तुझ्या मागं असायची आणि मग दाराआड. गल्लीतून लोक जात होते. मी आपल्याच दारासमोर पाहुण्यासारखी उभी. नळ येऊन गेला, माझ्या बादल्या रिकाम्याच राहिल्या.

मग मला आठवलं. दर साली, सगळ्या गल्लीच्या आधी, तू कुणाच्या दाराशी यायचीस?

मी मोठ्यानं म्हटलं, "चाल वं मंदे. काहून बसून राहिली?"

दाईनं ऐकलं असणार. ती हसली नाही.

आणि मी गेले, बाई. तू जिथून परत फिरलीस तिथून पुढची सगळी दारं वाजवली. पुढच्या घरांतली जुनी माणसं आता थोडीच आहेत, नवे किरायेदार जास्त. तुझी वाक्यं तिथं चालली नाहीत, माझी बोलावी लागली. सगळ्यात शेवटी तळ्याशी ती नवी बिल्डिंग, पोरी भाड्यानं राहतात ती. दार एका पोरीनं उघडलं, हातात पुस्तक, कानात तार. मी सांगितलं. ती कानातली तार काढून म्हणाली, "पर आंटी, हम तो उनको जानते ही नहीं."

तिथून मुकाट्यानं परत फिरता आलं असतं.

"आना," मी म्हटलं. "मैं बताऊँगी."